पहिल्या वळणापर्यंत

शिंप्याच्या त्या दुकानात कापड बेतण्याचे काम मास्तरांचे आणि काजे करण्याचे काम ताईंचे. कोट शिवून झाला की तो खिडकीजवळ, ताईंच्या स्टुलापाशी येई. खडूची खूण, टोकदार कात्रीची एक चीर आणि मग मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याचे दाट टाके. शिवण उसवून पुन्हा घालता येते. काज एकदा कापले की कापले. त्या कामामुळे असेल किंवा मुळातला स्वभावच तसा असेल, पण ताई काहीही ठरवायला वेळ लावत आणि एकदा ठरवले की ब्रह्मदेव आला तरी मागे घेत नसत.

दुपारी जेवणानंतर मास्तर आरामखुर्चीत डोळे मिटत, तेव्हा ताई फोन शिलाई मशीनला टेकवून लुडो उघडत. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ असे. तो लांबच्या बंदरात क्रेन चालवी. आधी आईवडील, पुढे ताईंचे यजमान गेले, तेव्हापासून दोघांना एकमेकांवाचून कोणी नव्हते. आणि बोलण्याच्या बाबतीत दोघेही एकाच माळेचे मणी. नुसत्या फोनवर ‘जेवलास का’, ‘बरी आहेस ना’ एवढे झाले की गाडा रुतलाच. मागच्या भेटीत भावाने हा खेळ ताईंच्या फोनमध्ये घालून दिला, आणि खेळता खेळता बोलण्याची सोयही त्यात होती. पडद्यावर फासा गरगर फिरे, सोंगट्या टुणटुण उड्या मारत चालत, आणि त्यांच्या आडून दोघांची तोंडे सुटत.

“ताई, फासा तुझ्या माहेरचा आहे वाटतं. मागशील ते देतोय.”

“माझं माहेर म्हणजे तूच की रे. खेळ गुपचूप.”

त्यांच्या घरचा एक नियम होता. नुकती घराबाहेर पडलेली सोंगटी पहिले वळण घेईपर्यंत तिला मारायचे नाही. नेमके तेवढेच दान पडले तर ते सोडून द्यायचे. लुडोच्या छापील नियमांत असे कलम कुठेही नाही. ते ताईंनी केले होते. लहानपणी सोंगटी मेली की धाकटा भोकाड पसरी आणि आजारी आईची झोपमोड होई. तेव्हा त्याला वाचता येत नाही याचा फायदा घेऊन ताईंनी ‘खोक्यामागे असंच लिहिलंय’ असे ठोकून दिले. पुढे तो वाचायला शिकला, त्याने खोके उलटून पाहिलेही. पण चकार शब्द काढला नाही. नियम टिकला तो असा, दोघांच्या संगनमताने.

आणि एका दुपारी त्याच भावाच्या सोंगटीने ताईंची नुकती बाहेर आलेली सोंगटी मारली. धप्प असा आवाज झाला, सोंगटी मुकाट घरात परतली.

“जेवणाची सुट्टी संपली गं,” एवढे म्हणून भाऊ गेला.

सोंगटी मेल्याचे ताईंना काहीच वाटले नाही. ज्याच्यासाठी नियम केला त्यालाच तो आता नकोसा झाला, हे मात्र जिव्हारी लागले. मनात अढी बसली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर भावाचे आमंत्रण आले, तिसऱ्या दिवशीही आले; ताईंनी त्याला बोट लावले नाही. त्यानेही कारण विचारले नाही. एक रुसून बसलेली, दुसरा मूग गिळून.

ताई जेवणाच्या वेळेतही काजे करू लागल्या, तेव्हा मास्तरांच्या लक्षात आले.

“धाकट्याशी बिनसलं का?”

“त्याला आता मोठं व्हायचंय. होऊ दे.”

“पन्नाशीला आला की तो, ताई.”

“म्हणूनच म्हणते.”

“मग माझ्याशी खेळा. मला ओ की ठो येत नाही, तुमची चांदी आहे.”

फोन बेतायच्या टेबलावर आडवा ठेवून दोघे खेळू लागले. मास्तरांची सोंगटी बाहेर पडली. ताईंची एकच सोंगटी पटावर होती, आणि ती नेमकी तिच्या मागे येऊन ठेपली.

“घाबरू नका. आमच्यात पहिल्या वळणापर्यंत मारत नाहीत.”

“फार सज्जन घराणं.”

फासा फिरला आणि नको तोच आकडा पडला. ताईंनी दान सोडले. हात मांडीवर ठेवले. सोंगटी आपली आपण उठली, टुणटुण चालत गेली आणि तिने मास्तरांची सोंगटी मारली.

“काय हो हे सज्जन घराणं?”

“मी हात लावला नाही, मास्तर.”

“मग काय भुतानं मारली?”

ताईंनी एवढ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी पुन्हा पुन्हा डाव मांडून पाहिला. दोन सोंगट्या बाहेर असल्या की फोन थांबे, कोणती चालवायची ते विचारी. एकच असली की विचारण्याच्या भानगडीत न पडता ती स्वतःच चालवी. खातरी पटली तशी त्यांनी भावाला फोन लावला.

“त्या दिवशी तुझी एकच सोंगटी बाहेर होती?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? आपोआप सरकली म्हणून? लहानपणी दर डावाला मी हेच सांगायचो. तू कधी ऐकलंस?”

“तेव्हा तू खरंच सरकवायचास.”

“तेच तर. या वेळी खरं होतं, पण ते कुठल्या तोंडानं सांगू?”

ताईंना हसूही आले आणि डोळेही भरले. “मी विचारायला हवं होतं रे,” त्या म्हणाल्या. “चुकलंच माझं.”

“जाऊ दे. पण आता करायचं काय? या फोनला दान सोडता येत नाही.”

“आपल्याला डाव सोडता येतो ना? अशी सोंगटी मेली की पट मोडायचा, नवा मांडायचा.”

“मग डाव संपायचा कधी?”

“तुला कुठं जायचंय?”

मास्तर डुलकी काढून उठले तेव्हा कोट काजांवाचून तसाच मशीनवर पडला होता आणि ताई पडद्याकडे बघत भावाच्या शेजाऱ्यांची चौकशी करत होत्या.

“कोण जिंकतंय?” मास्तरांनी विचारले.

“अजून सुरूच व्हायचंय,” ताई म्हणाल्या.

मास्तरांनी कोट उचलला, खिळ्याला अडकवला आणि त्या कोटाच्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगण्यासाठी ते बाहेर गेले.