मायचा हार

आक्का गेल्या उन्हाळ्यात वारली, म्हणून आता लिहिते. ती होती तोवर लिहायला मनाई होती. का, ते पुढे येईलच.

मी मिलिटरी नर्सिंगमधून मेजर म्हणून रिटायर झाले. शेवटच्या पोस्टिंगला असताना माजी सैनिकांसाठी सातपुड्याच्या पायथ्याशी फिरतं वैद्यकीय शिबिर लागलं. तीन दिवस, तीन गावं. मी पाचोऱ्याची, बोली समजते, म्हणून मला पाठवलं. अँब्युलन्स जुनी. ड्रायव्हर हवालदार सुभाष, त्याच भागातला. पहिलं गाव त्याचंच निघालं, आणि दिवस दसऱ्याचा.

त्याची आई, आक्का, झेंडूचा हार घेऊन अंगणात उभी. "ही गाडी मना पोरले घर लई उनी," म्हणाली. पोराला घरी आणलं म्हणून हार गाडीला. हार बॉनेटवरून घसरू लागला, तर तिनं तो बाजूच्या उभ्या नळीच्या तोंडाला गच्च गुंडाळला. सुभाषनं आम्हाला बजावलं, "मायचा हार आहे. सुकला तरी काढायचा नाही. आपोआप गळू द्यायचा." आमच्याकडे तशीच रीत आहे बाई. कोण हात लावणार?

दुसऱ्या दिवशी गाडीचा पिकअप गेला. अॅक्सिलरेटर दाबला तरी नुसतीच गुरगुरायची. मी म्हटलं, "सुभाष, दम लागला हो हिला."

"म्हतारी व्हयनी, मॅडम. तुम्ही काय, मी काय, ही काय." संध्याकाळी त्यानं डिझेल फिल्टर बदलला. थोडा फरक पडल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यानं चाकाखालचा दगड काढला. दगडाआड नाग होता. दंश मनगटावर.

शिबिरात सापाचं औषध नव्हतं. ते तालुक्याच्या गावी, घाट उतरून. उतरण्याआधी एक लांब चढ. सुभाषला स्ट्रेचरवर घेतलं. स्टिअरिंगवर आमच्या शिबिरातला नायक बलबीर बसला. मी रेडिओवर कळवलं, "कंट्रोल, अँब्युलन्स वन. स्नेक बाइट. मूव्हिंग. ओव्हर."

चढावर गाडी बसली. फर्स्ट गिअरमध्येही रांगायची.

"मॅडम, उठ नहीं रही!" बलबीर ओरडला.

सुभाषच्या पापण्या जड होत होत्या, पण कान इंजिनावर. जीभ अडखळत म्हणाला, "धुव्वा कसा?"

मी मागच्या काचेतून पाहिलं. "काळा धूर. दाट."

"डिझेल येतंय. हवा नाही. एअर क्लीनर खोल, बलबीर."

गाडी थांबवली. रेडिओवर कंट्रोलनं विचारलं, "अँब्युलन्स वन, पोझिशन? ओव्हर."

"चढावर. स्टॅटिक, थांबलोय. ओव्हर."

त्या रस्त्यानं दुसरं वाहन नव्हतं. बलबीरनं पान्यानं झाकण उघडलं, नळी उपसली. ओंजळभर पाकळ्या निघाल्या. इंजिनात हवा घेणाऱ्या त्या उभ्या नळीच्या तोंडावरची जाळी कधीच गंजून पडली होती. सुकलेला झेंडू इंजिनानं आत ओढून घेतला होता. बलबीरनं ओंजळ तशीच दाराशी आणली. दाखवायला नको होती. पण त्याला काय माहीत, हार कुणाचा ते.

सुभाषनं पाहिलं. मग म्हणाला, "मायले सांगू नका."

"नाही सांगणार."

"ऑर्डर समजा, मॅडम." हसायचा प्रयत्न केला त्यानं. ओठ वळले नाहीत.

झाकण लागलं. इंजिन असं गर्जलं की ट्रेमधली भांडी खणखणली. तिसरा गिअर, चौथा. गाडी पोरीसारखी पळाली. सुभाषचा श्वास थांबला होता. मी अंबू बॅगनं, हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं, हवा देत होते. इंजिनाला हवा मिळाली आणि त्याला मी हातानं भरत होते. रुग्णालयाची कमान दिसली तेव्हा नाडी गेली. डॉक्टर धावले, औषध दिलं, छाती दाबली. उपयोग झाला नाही.

तिरंग्यात त्याला गावी नेलं. आक्का रडली नाही. माझा हात धरून विचारलं, "ताई, गाडी पयनी ना?"

पळाली का, एवढंच तिला हवं होतं.

"पयनी, आक्का. जोरात पयनी."

"मंग देवनी मर्जी."

त्यानंतर दर दसऱ्याला मी तिच्याकडे जायची. सुभाषच्या फोटोला ती चंदनाचा हार घाली. झेंडूचा वेगळा ओवून ठेवायची, माझ्या हातात द्यायची. "गाडीले घालजो, ताई. तिनी कसर करी नही."

परतीच्या बसमध्ये मी तो हार मांडीवर घेऊन जळगावपर्यंत यायची. अँब्युलन्स केव्हाच भंगारात गेली होती. तेही तिला कधी सांगितलं नाही.