तळघरातला पंप

पासिर रिस या आमच्या उपनगरातले शेजारी काका जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. इमारतीच्या लिफ्टलाही ते “हिला दमा झालाय” म्हणतात. वाइन आणि पुस्तकं, दोन्ही त्यांना वर्ज्य. तरी काकूंनी त्यांना आमच्याबरोबर इटलीच्या डोंगरांतल्या वाइन-साहित्य सहलीला आणलं.

एका तळघरात वाइन चाखून झाल्यावर गाइड एका खलाशाची गोष्ट वाचू लागली. तेवढ्यात शेजारचा पंप कण्हला आणि काका निसटले. ते परतले तेव्हा हात ग्रीसने माखलेले, आणि म्हातारी मालकीणबाई त्यांचे गाल चुंबत होती!

“अहो, हे काय?” काकू ओरडल्या.

“पट्टा ढिला होता.”

बसमध्ये काकांनी मला हळूच विचारलं, “काय रे, तो खलाशी शेवटी घरी पोचला का?”

मी ठामपणे हो म्हटलं. खरं तर मला मध्येच डुलकी लागली होती.