एकलीच नेऊ नको

लग्न होऊन शेणव्याला आल्यापासून हौसाकाकीला शेळी हवी होती. माहेरी टोकावड्याला तिनं लहानपणी दुसऱ्यांच्याच शेळ्या राखल्या होत्या. स्वतःची घ्यायला मात्र पन्नाशी उलटली.

बाजारातली नको, जिथं वाढली तिथूनच घ्यायची, असा तिचा हट्ट. म्हणून अठ्ठ्याण्णव साली ती पलीकडच्या वाडीवर राहीबाईकडे गेली. एका शेळीचे दात बघितले, कास बघितली, समोर पाला खायला लावला. राहीबाई म्हणाली, "एकलीच नेऊ नको गो, हिची बहीणपण ने." काकीला वाटलं, ही आपल्या गळ्यात दुसरी मारतेय. तिनं एकच आणली.

शेळीनं तीन दिवस पाल्याला तोंड लावलं नाही. वाडीकडे बघून नुसती ओरडायची. शेजारीण म्हणाली, "होईल सवय हळूहळू."

काकीचं डोकं फिरलं. नवी नवरी असताना याच अंगणात ती टोकावड्याच्या वाटेकडे बघत बसायची, तेव्हा सासूही हेच म्हणाली होती.

"सवय होते. पन बरं वाटत नाय," एवढं बोलून तिनं शेळी सोडली आणि तिला घेऊन वाडीची वाट धरली.

वाडी दिसताच शेळी ओरडली. आतून तिच्या बहिणीनं ओ दिली. दोघी एकमेकींना घासत उभ्या राहिल्या.

"आता दोघींना घेऊन जा," राहीबाई म्हणाली.

"नेते," काकी म्हणाली. "पन चार दिवस राहू दे हिला. माहेरी आलीय ती."