त्रेचाळिसावा रकाना

पेन्सिल केसांत खोचायची. पेन कधीच नाही. दुसऱ्याच्या अंगणात पाणी प्यायल्याशिवाय एकही प्रश्न विचारायची नाही. मोटरसायकलवरून उतरली की आधी चपला झटकायची. पिशवीत धुरावलेल्या माशाचा तुकडा असायचाच. आणि डोंगराकडच्या दोगोन शेतकऱ्यांच्या गावात शिरली की तिचं पहिलं वाक्य शिवीचं असायचं.

कुम्बा तिएन्ता. सेवारे शहरात राहायची. वय त्रेपन्न. बोझो, म्हणजे नदीवरच्या कोळ्यांतली. गावांत बंदुका का वाढताहेत, सरकार कुठवर पोचतं आणि कुठे संपतं, याचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेसाठी ती गावोगाव फॉर्म भरायची. मी ते संगणकावर चढवायचे. साहित्याच्या पदवीवर मला तेवढंच काम मिळालं होतं.

बोझो आणि दोगोन एकमेकांचे थट्टेचे भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. एकमेकांचं रक्त सांडायचं नाही. शिव्या मात्र द्यायच्याच, आणि त्यावर रागवायचं नाही.

कोम्बोदारा या दोगोन गावाला मी तिच्यासोबत एकदा गेले होते. वेशीवरूनच ती ओरडली, "कुठे गेले माझे गुलाम? अजून कांदेच खुरपताय?"

ओगोबारा गिंदो नावाचा म्हातारा वाफ्यातून उठला. "आली मासळी! पोरांनो, नाकं धरा!"

"माझ्या आज्याने तुझ्या आज्याला होडीत घेतलं नसतं तर आज कुठे असतास रे कांद्या?"

"बुडालो असतो तर बरं झालं असतं. तुझं तोंड तरी बघावं लागलं नसतं."

मग सगळे हसले आणि फॉर्म सुरू झाला. पहिलाच प्रश्न: शेतावर जाताना किती सुरक्षित वाटतं, एक ते पाच? पाच म्हणजे अगदी सुरक्षित.

फॉर्ममध्ये बेचाळीस प्रश्न होते. कुम्बामावशीने पेन्सिलीने त्रेचाळिसावा रकाना आखला होता. उलटून बोलले का? बोलले तर एक, नाहीतर शून्य. संस्थेच्या देंबेले साहेबांनी तो दर वेळी कापला.

"बाई, ही थट्टामस्करी आहे. माहिती नाही."

"साहेब, तुमच्या बेचाळीस प्रश्नांना लोक घाबरून पाच म्हणतात. शिवी घाबरून देता येत नाही."

दोन वर्षांत दोन गावांसमोर शून्य आलं होतं. दोन्ही गावं सहा आठवड्यांच्या आत जळाली.

जूनमध्ये ती कोम्बोदाराहून परत आली आणि चहाही न घेता खुर्चीत बसली. ओगोबारा फक्त एवढंच म्हणाला होता, "ये बाई. पाणी घे." बाकी सगळ्या उत्तरांत पाच. तिने शून्य लिहिलं आणि साहेबांना फोन लावला. गावाला सावध करा, शांतता समितीला कळवा. पुढच्या फेरीत पडताळू, साहेब म्हणाले. पुढची फेरी तीन महिन्यांनी होती.

"मग या फॉर्मांवर माझी सही मिळणार नाही," ती म्हणाली. "सही हवी असेल तर माझा रकाना छापा."

त्यांनी तिचं काम काढून घेतलं.

गुरुवारी ती बाजाराच्या गाडीने पुन्हा कोम्बोदाराला निघाली. गावागावांचे आकडे, त्रेचाळिसाव्या रकान्यासकट, ती ज्या वहीत उतरवायची, ती वही माझ्याकडे दिली.

"मावशी, रस्ता चांगला नाही."

"रस्ता सरकारचा आहे. म्हणजे कुणाचाच नाही. मग माझा का नाही?"

"तो बोललाच नाही तर?"

"बोलेल. कांदा आहे तो, सोलावा लागतो. तू पुस्तकांचं पाठांतर सोड आणि शिव्या शिक. कुलिबाली ना तू? थट्टेच्या नात्याने तुला तर अख्खा देश शिव्या देऊ शकतो. असं आडनाव वाया घालवतेस."

शुक्रवारी परतताना तिच्या गाडीखाली सुरुंग फुटला. ती गेल्याचा फोन मला दुपारी आला. मी फोन ठेवला आणि अर्धवट राहिलेला फॉर्म पुरा चढवला. का ते माहीत नाही.

तिसऱ्या दिवसाच्या फातिहाला, तिच्यासाठीच्या प्रार्थनेला, मावशीचं अंगण भरलं होतं. दारातून आवाज आला.

"कुठे आहे ती मासळी? मरायचं सोंग घेतलंय! शिवी मिळाली आणि पळाली!"

ओगोबारा होता. मागे बोचकी घेतलेली एकतीस माणसं. बायका रडता रडता हसल्या. थट्टेच्या भाऊबंदाने मयताच्या घरी असंच यायचं असतं.

तो माझ्याशेजारी टेकला. "गुरुवारी दुपारपर्यंत माझ्या दारात बसून शिव्या देत होती, पोरी. माझ्या आईपर्यंत पोचली. मग मला राहवलं नाही." बंदूकवाल्यांनी परक्यांशी बोलायला बंदी केली होती. पेरणीआधी परत येऊ म्हणाले होते. हे त्याने तिला सांगितलं. "आज रात्री निघा, ती म्हणाली. आम्ही डोंगरामागच्या वाटेने निघालो. तिला म्हटलं, तूही चल. म्हणाली, वहीत चूक राहिलीय, ती दुरुस्त करायचीय."

सोमवारी देंबेले साहेब आले. वही संस्थेची आहे म्हणाले. मी म्हटलं, बेचाळीस रकाने घेऊन जा. त्रेचाळिसावा हवा असेल तर छापावा लागेल. ते रिकाम्या हातांनी गेले.

वहीत वीस गावं आहेत. कोम्बोदारासमोर अजून शून्यच आहे. ते खोडून एक लिहायचं होतं तिला. त्याखालच्या नऊ गावांत या फेरीला शिवी द्यायला अजून कुणी गेलेलं नाही; त्यांचे रकाने कोरे आहेत.