सिस्टरबाई आणि माझी जळलेली पाठ

सन २०१९. माझं वय एकसष्ट. रामनवमी होऊन दोन दिवस झाले होते आणि मी आमच्या ओसरीवर पालथा पडून होतो, कारण उताणं पडता येत नव्हतं. सुजाता सिस्टर फाटकातून आल्या. वाकल्या आणि आपल्या हाताची मागची बाजू माझ्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध टेकवली. नुसती टेकवली, तरी मी दात आवळले.

"भाऊ, हे कोणं केलं?"

"उन्हानं."

"ऊन तं सगळ्याईवर पडते. सदरा कोणं काढला?"

"मी."

"मंग तसं सांगा. उन्हावर कायले ढकलता."

त्या आमच्या गावच्या उपकेंद्रात नर्स होत्या. राहायला ब्रह्मपुरीला, नवरा तिथे शाळेत मास्तर. रोज सकाळी स्कुटीनं यायच्या. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगानं काटकुळ्या, चालणं असं की सोबतच्या माणसाला पळावं लागे. हाताची पाठ लावून पाहण्याची त्यांची खोड उपकेंद्राच्या चारही गावांना ठाऊक होती. तापलेलं लेकरू असो, बाळंतिणीचे पाय असोत, हापशीचा दांडा असो, त्या उलटा हात लावायच्या. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "तळहातानं जलमभर काम केलं, तो आता काही सांगत नाई. पाठीनं काहीच केलं नाई, तिले अजून समजते."

पाठ कशी जळली तेही सांगतो. मी तिसरी शिकलेला माणूस. वीस उन्हाळे जंगलात आगीचा वाचर होतो. म्हणजे डोंगरावर धूर दिसला की पळत सुटायचं आणि हिरव्या डाहाळ्यांनी आग झोडपायची. माझ्या पायांची मला घमेंड होती, आजही आहे. त्या वर्षी तालुक्याच्या पोरांच्या मंडळानं एक मेच्या पहाटे एकवीस किलोमीटरची दौड ठेवली. चहाच्या टपरीवर त्यांच्यातला एक पोरगा मला म्हणाला, "बाबा, तुमी बी या. पाणी वाटाले मानसं पायजेत." मी तिथल्या तिथे पळणाऱ्यांत नाव दिलं. साठीच्या वरच्या माणसाला नर्सचा नाहीतर डॉक्टरचा तब्येतीचा कागद लागणार, असं तो मागून ओरडून सांगत होता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवर मी भर दुपारी पळू लागलो. दुपारी पळालो तर पहाट सोपी जाईल, आणि सदरा काढून पळालो तर अंग पक्कं होईल, असं माझं डोकं. जन्म उन्हात गेला, पण त्या सगळ्या जन्मात अंगात सदरा होता, हे ध्यानात आलं नाही. चौथ्या दिवशी पाठीवर फोड आले. गावात लोक हसले. "काळ्या मानसाले ऊन लागते काय? मातारा नखरे करून राह्यला." त्या हसण्यापायी मी उपकेंद्रात गेलो नाही. बायालेकरांच्या रांगेत पाठ उघडी करून बसणं मला जमणारं नव्हतं. सुनेला, रेखाला, टोळीचं तेल चोळायला लावलं. मोहाच्या बियांचं ते तेल आमच्याकडे सगळ्या दुखण्यावर लावतात. ती नको म्हणत होती. रात्र तव्यावर काढल्यासारखी गेली. उजाडताच मला न सांगता ती सिस्टरला गाठून आली.

सिस्टरनी आधी ते तेल अलगद टिपून काढलं. मग माझं जुनं धोतर फाडून, माठाच्या पाण्यात भिजवून, त्याच्या घड्या पाठीवर टाकल्या. सुकली घडी की दुसरी. फोड एकही फोडला नाही. मी नखानं एक फोडायला गेलो, तर हातावर चापट बसली. पाणी प्यायला तांब्या तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. आणि सांगितलं ते असं: "बारा दिवस दुपारी उन्हात पाय टाकायचा नाई. जळलेल्या कातड्याले घाम येत नाई, भाऊ. घाम नाई आला तं आतली आग जाईन कुठी?"

"मले एक तारखेले पळायचं हाय."

"पळा नं. कातडं भरलं का मीच कागद देतो लिहून. पण कातडं म्हणजे जलमाचा एकच सदरा. हा फाटला तं बजारात दुसरा भेटत नाई."

मी त्यांच्या दारी जात नाही म्हणून त्या माझ्या दारी येऊ लागल्या. सकाळी साडेनऊच्या सुमाराला स्कुटी निंबाखाली लावायच्या. मला भिंतीकडे तोंड करून बसवायच्या, मलम लावायच्या आणि बोलत राहायच्या. मला "धावपट्टू भाऊ" म्हणत. माझ्या पोटच्या पोरानं असं म्हटलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. त्यांचं मी ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर साडेनऊ वाजायची वाट पाहायचो.

त्यांच्या धीटपणाची एक गोष्ट सांगतो, आदल्या सालची. तेंदूपत्त्याच्या फडावर, विडीची पानं वाळवतात तिथे, आमच्या बाया भर उन्हात पानांचे पुडे पलटवायच्या. सावलीला एक काडी नव्हती. एक बाई भोवळ येऊन पडली. सिस्टर तिथे गेल्या आणि ठेकेदाराच्या मुनशीला म्हणाल्या, "मांडव कायले नाई?" तो म्हणाला, "इन बाईयों को आदत है." सिस्टरनी त्याची खुर्ची उचलली, फडाच्या मधोमध नेऊन ठेवली आणि म्हणाल्या, "बसा. मी घड्याळ पाह्यतो. एक तास बसले तं मी मांडवाचं नाव काढणार नाई." सगळ्या बाया पुडे सोडून पाहायला लागल्या. मुनशी हसत हसत बसला. वीस मिनिटांत उठला. दुपारी बांबू आले, संध्याकाळी मांडव. निघताना त्या मुनशीला म्हणाल्या, "ऊन कोनाचा भाऊ नाई, साहेब. तुमचा बी नाई न माझा बी नाई."

दुसऱ्याला तांब्या तांब्या पाणी पाजणारी ही बाई स्वतः मात्र फिरतीवर असताना पाणी पीत नसे. रेखा रोज पेला पुढे करायची, त्या ओठाला लावून खाली ठेवायच्या. एकदा मी टोकलंच.

"बाई, आमाले डोस न तुमी कोरड्या?"

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी मानसं कोणत्या बी झाडामांगं उभे राह्यता. चार गावं फिरतो मी. बाईच्या जातीनं पाणी पेऊन जायचं कुठी?"

मी भिंतीकडे पाहत बसलो. तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं, की बाई, आमच्या घरी मोरी आहे, रोज इथे थांबत जा. पण परक्या बाईला असं कसं म्हणायचं, या संकोचात राहून गेलं.

दहाव्या दिवशी खपल्या सुटल्या, खालून कोवळी कातडी निघाली. मी कागद मागितला. त्या म्हणाल्या, "बारा होऊ द्या." मी म्हणालो, "वीस वर्षं आगीमांगं पळालो मी. तुमच्या कागदावाचून का पाय चालत नाईत माझे?"

"पाय चालतेत. पाठीचं इचारून राह्यली मी."

त्याच दिवसापासून मी चोरून पळायला लागलो. सकाळी त्यांना पाठ दाखवायची, त्या गेल्या की अकराला निघायचं. आता अंगात सदरा होता, एवढीच काय ती अक्कल. नहरावर लोक पाहतील म्हणून जंगलातली बोडीची वाट धरली. दोन कोस रेतीची वाट, त्या टोकाला पाण्याची बोडी, लहानसं तळं. घाम खरंच येत नव्हता. डोकं घणघणायचं. मी कोणाला सांगितलं नाही. बाराव्या दिवशी सिस्टरनी उलटा हात पाठीला लावला आणि तो काढलाच नाही काही वेळ.

"उन्हात गेलते काय?"

"नाई."

"बरं," म्हणाल्या. "कागदाचं परवा पाहू."

परवा म्हणजे एकोणतीस एप्रिल. त्या दिवशी त्यांच्याकडे लसीकरण होतं. साडेनऊ झाले, दहा झाले, त्या आल्या नाहीत. मला वाटलं, टाळलं. रागानं मी निघालो. बोडीपर्यंत गेलो, परत फिरलो. अर्ध्या वाटेवर पाय जड झाले, म्हणून रेतीची वाट सोडून शेतांच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं, जवळच्या रस्त्यानं घरी आलो. निंबाखाली स्कुटी उभी होती.

रेखा दारातच होती. म्हणाली, "मामाजी, सिस्टर तुमच्या मांगं गेल्या. बोडीकडे गेले म्हटलं मी. त्याईनं तुमची बाटली भरून घेतली, ओला दुपट्टा घेतला न पायीच निंगाल्या, रेतीत स्कुटी चालत नाई. वाटेत भेटल्या नाई काय?"

तेव्हा पाऊण वाजला असेल. सावली पायाखाली होती.

इथे मी थांबलो तर चालण्यासारखं आहे. लोकांना मी इथपर्यंतच सांगतो. पण पुढचं असं, की मी रेखाला म्हणालो, "येतीन त्या परत." हातपाय धुतले. आंबील प्यालो. खाटेवर पडलो. मनात असं होतं, की मी काही लेकरू नाही, मला धरायला कोणी रानात यायचं काम नाही. जराशी चाल पडली की कळेल बाईला. हे शब्द मी मनात म्हटले, मला पक्के आठवतात. रेखा दोनदा म्हणाली, "मामाजी, कोनाले तरी पाठवू काय?" मी म्हणालो, "गप ऱ्हाय." आणि मला झोप लागली.

उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते. स्कुटी तिथेच होती.

त्या दिवशी मी जसा पळालो तसा आधी कधी पळालो नाही. पुढे एक मेलाही नाही. मला अक्षर लावायला वेळ लागतो, पण रेतीवरचं पाऊल मी झटक्यात वाचतो, ते माझं कामच होतं. माझे बूट धुऱ्याकडे वळले होते तिथे त्यांच्या चपला दोन पावलं थबकल्या होत्या. खाली पाहिलं नसावं, पाहिलं असतं तरी त्यांना ते कळलं नसतं. सरळ गेल्या. बोडीला एक पूर्ण वेढा घातला होता. मग दुसरा. दुसऱ्या वेढ्यात पावलं पाण्याच्या काठाकाठानं होती, मी बुडालो की काय हे पाहत असाव्यात. परतीच्या वाटेवर आधी पावलं जवळजवळ आली, मग फाकली, मग एक चप्पल एकटीच पडलेली.

सिस्टर एका ऐनाच्या झाडाच्या बुंध्याशी टेकून बसल्या होत्या. ऐनाला पान नव्हतं. अंग भट्टीसारखं, कोरडं. बाटली मांडीजवळ होती, काठोकाठ भरलेली. झाकण उघडलंच नव्हतं.

मी पाणी तोंडात घातलं, ते बाहेर आलं. माझा सदरा काढून त्या पाण्यानं भिजवला, त्यात गुंडाळून त्यांना खांद्यावर घेतलं आणि आणलं. पाठीची कोवळी कातडी कुठे फाटली ते मला घरी आल्यावर दिसलं. जीप मिळाली, दवाखाना मिळाला, डॉक्टर धावून आले. दिवस बुडायच्या आत त्या गेल्या.

तेव्हापासून उन्हाळ्यात साडेबारा वाजले की मला खाटेवर पडता येत नाही. त्या वाटेवर कोणीतरी चालत आहे असं वाटतं. मी फाटकात जाऊन उभा राहतो. उन्हाची लहर उठते आणि तिच्यात दुपट्टा हलल्यासारखा दिसतो. मी हाक मारतो, "बाई, मी घरी आहो." मोठ्यानं नाही मारत. रेखाला ऐकू येतं. सिस्टरला माझं घरी येणं कळलंच नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांच्या लेखी मी अजून रानात आहे.

तीस तारखेला ब्रह्मपुरीला त्यांचं सगळं झालं. त्रिशरण म्हटलं गेलं, मी मागे उभा होतो. मास्तर, त्यांचा नवरा, गर्दीतून माझ्याकडे आले. मला वाटलं आता हा मला मारील, मारलं तर बरं. त्यांनी खिशातून एक घडी काढली.

"हा तुमचा कागद," म्हणाले. "तिच्या पर्समध्ये होता. सकाळीच लिहून ठेवला होता तिनं. मले म्हणाली, धावपट्टू भाऊले आज देतो, लय दिवस तोंड फुगवून हाय."

मी एक एक अक्षर लावत वाचला. पाठ भरत आली आहे. पहाटे पळण्यास हरकत नाही. दुपारी पळू देऊ नये. खाली सही.

घरी आलो. पोरगा म्हणाला, "बाबा, उद्याचं राहू द्या." मी सदरा धुऊन वाळत टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालुक्याला गेलो आणि पळालो. लोक आजही म्हणतात, सिस्टरसाठी पळाला. ते खरं नाही. मला पळायचं होतं, आणि हातात कागद होता. एकवीस किलोमीटर पुरे केले, कुठे थांबलो नाही. शेवटी मंडळाच्या पोरांनी मला मांडवात उभं केलं. त्यांना सगळं कळलं होतं, म्हणजे मी सांगितलं तेवढं. माईकवरचा पोरगा म्हणाला, सिस्टरबाईंना श्रद्धांजली म्हणून हे बाबा आज धावले. लोक टाळ्या वाजवायला लागले. बाया डोळे पुसत होत्या. तोंड उघडायला जागा होती, माईक हातभर लांब होता. मी मान खाली केली आणि त्यांनी माझ्या गळ्यात पदक घातलं.