काशिनाथदादाने पुसलेलं ग्रीस

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही.

मुरबाडला माझं गॅरेज आहे. बरं चालतं. हाताला गुण आहे असं लोक म्हणतात — आणि ते ऐकलं की मी खाली बघतो.

दहा-बारा वर्षं झाली. धसईच्या रस्त्याला जीप चालवणारा बाळाराम मागचा ब्रेक वाजतो म्हणून गाडी घेऊन आला. चाकाच्या आतला ड्रम काढायचा, तर त्यावरचे दोन स्क्रू आधी काढावे लागतात. एक निघाला. दुसरा गंजून बसलेला. अशा वेळी काय करायचं, मला ठाऊक नव्हतं का? तेल सोडायचं, थांबायचं, मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा. पण तो आत होता, आणि मला उठायचा कंटाळा आला. हो, नुसता कंटाळा. हातातला लहान होता, तोच दाबून फिरवला. घसरला. पुन्हा फिरवला. शेवटी खाच उरलीच नाही, नुसता गोल खड्डा झाला.

तेवढ्यात बाळाराम चहा पिऊन आला. मी विचारलं, आधी हे कुणी खोललं होतं? धसईच्या काशिनाथदादाने, तो म्हणाला.

काशिनाथदादा — ज्याच्या हाताखाली मी चार वर्षं शिकलो.

मी म्हणालो, "त्यानेच घासून ठेवलाय."

एवढ्यावर थांबलो असतो तरी... पण नाही. बाळाराम तावातावाने दादाला फोन लावायला वळला, आणि मी बोटभर ग्रीस घेऊन त्या खड्ड्यात भरलं. ताजी चमक दिसू नये म्हणून.

दादा दुपारच्या एसटीने आला. खांद्याला हत्यारांची पिशवी. खाली बसला, फडक्याने ग्रीस पुसलं. आत लोखंड लखलखत होतं. जुना घाव असता तर काळा पडला असता — हे मला त्यानेच शिकवलेलं. त्याने स्क्रूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाळाराम चार ड्रायव्हरांसमोर त्याला बोलत होता. मी पाने पुसत बसलो.

"आसंल," दादा म्हणाला. "माज्याच हातून गेला आसंल."

मग त्याने पिशवीतला जाड स्क्रू ड्रायव्हर लावला — हातोडी मारली की फिरतो तो. चार घावांत स्क्रू बाहेर. हात धुतले आणि स्टॅंडकडे चालू लागला.

म्हाताऱ्याची नजर गेली, असं बाळारामने साऱ्या ड्रायव्हरांना सांगितलं. त्यांच्या गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या. मी एकालाही परत पाठवलं नाही. वर्षभरात दादाने दुकान बंद केलं. आता आसनगावजवळ एका गोदामावर राखणीला असतो.

मागल्या उन्हाळ्यात शेणव्याला एका लग्नात भेटला. जावयाला जवळ बोलावून म्हणाला, "ह्याला मी शिकवला. मुरबाडात ह्याच्यासारखा मिस्त्री नाय." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला, नव्हता.

मी त्याच्या पाया पडलो. तेव्हा तरी बोलायचं होतं, नाही का? जेवणाची पंगत बसत होती, मी पंगतीला जाऊन बसलो.

आसनगाव काही लांब नाही. मी गेलेलो नाही.