विष्णुपुरीला या, दादा

शाळेतून आल्यावर मुलगी माझा मोबाइल घेऊन खिडकीत बसली होती. थोड्या वेळानं उठली, मोबाइल माझ्यासमोर पालथा ठेवला आणि म्हणाली, "बाबा, दादा गेला."

दादा म्हणजे लातूरकडचा एक तरुण. एकटाच व्हिडिओ करायचा. टॉवेल डोक्यावर घेतला की आई, खांद्यावर टाकला की बाप, कानावर पेन खोचला की मास्तर. मी ग्रंथपाल, त्याचा एकही व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. पण आमच्या नांदेडच्या घरात मुलगी आणि तिचा धाकटा भाऊ ताटावर बसले की त्याच्याच आवाजात भांडत.

त्या आठवड्यात कॉलनीतल्या पोरांनी ठरवलं, त्याच्या आवाजात कुणी बोलायचं नाही. धाकटा जेवताना विसरला आणि "वाढ की गं माय" असं म्हणून गेला. मुलीनं त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला आणि मग तीच रडत बसली.

"विसरेल चार दिवसांत," मी बायकोला म्हणालो.

"कादंबरीतलं कुणी मेलं तर तुम्हाला दोन दिवस जेवण जात नाही. आणि तिनं चार दिवसांत विसरायचं?"

पण नुसतं दुःख नव्हतं ते. पाचव्या दिवशी मी दाढी करत असताना ती मागं येऊन उभी राहिली. "दादा त्या दिवशी कुठं निघाला होता, बाबा?"

अहमदपूरच्या पुढं त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं, इतकंच मला माहीत होतं. तिनं मोबाइल पुढं केला. त्याच्या एका व्हिडिओखाली तिनं माझ्या खात्यावरून लिहिलं होतं: 'दादा, विष्णुपुरीला या. धरणाचे दरवाजे उघडलेत. लई भारी दिसायलंय.' खाली त्याचं उत्तर होतं: 'येतो की.' त्यानंतर दोन दिवसांनी तो गेला होता.

"माझ्यामुळं निघाला होता का?"

मी खालचं सगळं वाचून दाखवलं. कितीतरी पोरांनी बोलावलं होतं. कुणी माहूरला या म्हणत होतं, कुणी नायगावला. आमच्या नांदेडजवळच्या विष्णुपुरीला बोलावणारेही बरेच होते.

"पण 'येतो की' मलाच लिहिलंय."

"त्याचं दुसरं काही काम असेल."

"कोणतं?"

मी पुन्हा आरशाकडं वळलो. त्या दिवसापासून ती अर्धी पोळी खाऊन उठू लागली. शाळेत बाई काही विचारत तेव्हा नुसती बघत राही. शेवटी रविवारी दोघांना घेऊन मी त्याच्या गावी भेटायला निघालो. "कोण लागतो आपण त्यांचे?" बायकोनं विचारलं. तिचं खरं होतं. पण मला वाटत होतं, तिथं कुणीतरी सहज सांगेल की तो लग्नाला निघाला होता, कुणाला दवाखान्यात बघायला निघाला होता. तेवढं एक वाक्य घेऊन मला परत यायचं होतं.

दारात पुरुष बसले होते. "कोण्या गावचे पाव्हणे?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"नांदेडचे. लेकरं त्याचे व्हिडिओ बघायची."

"जा आत. रोजच यायलेत अशी लेकरं."

आत त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. "या माय. लांबून आलाव का?" ती म्हणाली, आणि धाकट्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं. तोच आवाज, तोच हेल. टॉवेल डोक्यावर घेऊन तो हिचीच नक्कल करायचा. पोरानं ओठ घट्ट दाबून धरले होते. हसू येतंय की रडू, हे त्यालाच कळत नसावं.

बसमध्ये मी प्रश्न मनात जुळवत आलो होतो. तो विचारण्याआधीच त्याची आई बोलू लागली.

"नांदेडलाच निघाला होता. म्हणलं, पाऊस हाय, उद्या जा. तर म्हणे, लेकरं बोलवायलेत माय, धरण बघायला. जाऊन येतो." आपल्या मुलाला इतक्या लांबून बोलावणं येतं, याचं कौतुक अजून तिच्या आवाजात होतं.

मी मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठू लागलो. ती उठली नाही.

"मी बोलावलं होतं," ती म्हणाली.

शेजारी बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. त्याची आई भिंतीचा टेकू सोडून पुढं झाली.

"तू का?"

"हो."

"आन आला असता तर काय खाऊ घातलं असतंस?"

मुलगी गोंधळली. "पोहे."

"पोहे न्हाई आवडत त्याला. शेंगदाणे तेवढे निवडून खातो, बाकीचं ठेवून देतो तसंच."

एवढं बोलून तिनं पदर तोंडावर घेतला. एका बाईनं मला हातानं खुणावलं. आम्ही बाहेर आलो.

परतीच्या बसमध्ये धाकटा माझ्या मांडीवर झोपला. अहमदपूर मागं पडलं. ती जागा नेमकी कुठली हे मला माहीत नव्हतं, आणि मी खिडकीबाहेर बघायचं टाळत होतो.

"बाबा, त्या मला रागावल्या का नाहीत?"

"तुझी काही चूक नाही म्हणून."

"त्यांनी तसं म्हटलं नाही."

खरंच, म्हटलं नव्हतं. मी तिचा हात हातात घेतला. तिनं तो सोडवला नाही, पण बोटंही मिटली नाहीत. लोह्याला बस थांबली. काही खाणार का, मी विचारलं. नको म्हणाली.